बालसुधारसंस्थांतील पोलीस तपास

न्यायालयाच्या किंवा तत्सम प्राधिकरणाच्या आदेशाने ज्या संस्थांत अल्पवयीन मुलांना ठेवले जाते, त्या संस्थांच्या आवारात घडलेल्या गुन्ह्यांचा पोलीस अधिकाराने घेतलेला शोध म्हणजे बालसुधारसंस्थांतील पोलीस तपास होय. अशा गुन्ह्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात : एका मुलाने दुसऱ्या मुलाविरुद्ध केलेले गुन्हे, मुलाने कर्मचाऱ्याविरुद्ध केलेले गुन्हे आणि कर्मचाऱ्याने मुलाविरुद्ध केलेले गुन्हे. पलायन आणि निषिद्ध वस्तू चोरून आत आणणे यांचाही तपास याच कक्षेत येतो. पहिल्या दोन वर्गांतील तपासाला संस्थेचा विरोध नसतो. किंबहुना तो संस्थेला हवाच असतो. तिसऱ्या वर्गातील तपास मात्र खुद्द संस्थेवरच उलटू शकतो. त्यामुळे तो कोणी करावा, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. या तपासपद्धतीचा इतिहास म्हणजे मुख्यतः याच प्रश्नाचा इतिहास आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः टेक्सस राज्यात, त्याचे टप्पे स्पष्टपणे पाहावयास मिळतात. भारतातही हा प्रश्न वेगळ्या मार्गाने, पण त्याच स्वरूपात पुढे आला.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत गुन्हेगार मुलांना प्रौढ कैद्यांबरोबरच तुरुंगात ठेवीत. त्यांना वेगळे ठेवावे, शिस्त व उद्योग शिकवावा, या हेतूने न्यूयॉर्क येथे १ जानेवारी १८२५ रोजी आश्रयगृह सुरू झाले व त्याच्या धर्तीवर इतर शहरांत संस्था निघाल्या. मुलाला येथे ठेवणे ही शिक्षा नसून पालनपोषण आहे, अशी त्यामागील भूमिका होती. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८३८ मध्ये क्राउझ खटल्यात या भूमिकेला कायद्याचे अधिष्ठान दिले. आपल्या मुलीला आश्रयगृहात ठेवण्यास हरकत घेणाऱ्या पित्याचा अर्ज फेटाळताना, पालक असमर्थ ठरल्यास राज्य हेच मुलाचे पालक होय, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले.

हे तत्त्व उदार होते. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. घरात बापाने मुलाला मारले, तर त्या काळी पोलीस सहसा मध्ये पडत नसत. राज्य हेच पालक झाल्यावर सुधारगृहाचा अधीक्षकही बापाच्या ठिकाणी आला आणि त्याने केलेली मारहाण ही ‘शिस्त’ ठरली. तक्रार आलीच, तर तिची चौकशी अधीक्षकच करी. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच चौकशी अधिकारी आणि तक्रारदाराची सुटकाही त्याच्याच शिफारशीवर अवलंबून, अशी ही रचना होती. तुरुंगातील प्रौढ कैद्याला शिक्षेची मुदत तरी ठाऊक असे. सुधारगृहातील मुलाला तीही ठाऊक नसे, कारण तो ‘सुधारला’ असे संस्थेने म्हणेपर्यंत त्याला तेथे राहावे लागे.

टेक्ससमध्ये गेट्सव्हिल येथील सुधारगृह जानेवारी १८८९ मध्ये उघडले. तोवर प्रौढ कैद्यांबरोबर राहणारी ६८ मुले तेथे आणण्यात आली. हेतू मुलांना तुरुंगातून सोडविण्याचा होता. परंतु पुढे या संस्थेचाच विस्तार एका मोठ्या बंदिस्त शेती-वसाहतीत झाला. फ्लॉरिडा राज्यातील मॅरिआना येथील सुधारशाळा १ जानेवारी १९०० रोजी सुरू झाली व ती जून २०११ पर्यंत चालू होती.

न्यायालयांचा हस्तक्षेप : शिकागो येथे १८९९ मध्ये पहिले बालन्यायालय स्थापन झाले. त्याचे कामकाज अनौपचारिक व मुलाच्या हिताचे असावे, अशी अपेक्षा होती. या अनौपचारिकतेत मुलाचे मूलभूत हक्कही बाजूला पडत होते, हे गॉल्ट खटल्याने दाखवून दिले. ॲरिझोना राज्यातील पंधरा वर्षांच्या एका मुलाला अश्लील दूरध्वनी केल्याच्या आरोपावरून वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत औद्योगिक शाळेत ठेवण्याचा आदेश झाला होता. त्याच कृत्याबद्दल प्रौढाला जास्तीत जास्त ५० डॉलर दंड किंवा दोन महिन्यांची कैद झाली असती. संघीय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये हा आदेश रद्द केला आणि आरोपाची पूर्वसूचना, वकिलाचे साहाय्य, साक्षीदारांची उलटतपासणी आणि स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती नसणे, हे हक्क मुलांनाही असल्याचे ठरविले.

गॉल्ट खटल्याने मुलाला संस्थेत पाठविण्याची प्रक्रिया बदलली. संस्थेत गेल्यावर त्याचे काय होते, हा पुढचा प्रश्न टेक्ससमधील मोरालेस विरुद्ध टर्मन या खटल्याने उभा केला. तो १९७१ मध्ये दाखल झाला. संघीय न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांच्यापुढे झालेल्या सुनावणीत मारहाण, बंद खोलीत अश्रुधुराचा वापर, दीर्घ एकांतवास आणि निरर्थक, कंटाळवाणी अंगमेहनत यांचा पुरावा पुढे आला. न्यायाधीशांनी ऑगस्ट १९७३ मध्ये तातडीचा आदेश देऊन हे प्रकार थांबविले व १९७४ मध्ये विस्तृत निर्णय दिला. मुलांची पत्रे उघडून वाचण्यास व वकिलाची भेट नाकारण्यास मनाई झाली. माउंटन व्ह्यू येथील शाळा १९७५ मध्ये, तर गेट्सव्हिलची संस्था १९७९ मध्ये बंद करण्यात आली.

या निर्णयाचे महत्त्व मोठे असले, तरी तपासाच्या दृष्टीने त्यात एक उणीव राहिली. दिवाणी स्वरूपाच्या अशा दाव्यातून संस्थेची पद्धत सुधारते; विशिष्ट रात्री, विशिष्ट मुलाला कोणी मारले, हे निश्चित करून त्या व्यक्तीला फौजदारी न्यायालयापुढे उभे करण्याचे काम अशा दाव्याचे नसते. संस्थांतील मुलांच्या व इतर बंदिस्त व्यक्तींच्या नागरी हक्कांविषयी १९८० मध्ये झालेल्या संघीय कायद्यालाही हीच मर्यादा आहे. या कायद्यान्वये केंद्रीय न्यायखाते राज्याच्या संस्थांची चौकशी करू शकते आणि राज्याविरुद्ध दावा लावू शकते. परंतु ही चौकशी संस्थेच्या एकूण व्यवहाराची असते. एकेका गुन्ह्याचा शोध घेणारा पोलीस अधिकारी संस्थेत नव्हताच. ती जागा १९७० ते २००५ या काळात टेक्ससमध्ये जवळजवळ रिकामीच होती. अंतर्गत चौकशी करणारे कर्मचारी होते. पण ते त्याच खात्याचे नोकर होते व त्यांचे अहवाल खात्याच्याच वरिष्ठांकडे जात.

पायोट प्रकरण : पश्चिम टेक्ससमधील पायोट या विरळ वस्तीच्या गावी, दुसऱ्या महायुद्धातील एका जुन्या विमानतळाच्या जागेवर राज्याची मुलांसाठीची संस्था होती. तेथे गणित शिकविण्यासाठी येणाऱ्या एका स्वयंसेवकाला फेब्रुवारी २००५ मध्ये मुलांनी सांगितले, की संस्थेतील वरिष्ठ अधिकारी रात्रीच्या वेळी मुलांना बोलावून घेतात व त्यांचा गैरफायदा घेतात. काही कर्मचाऱ्यांनी हा संशय आधीच वरिष्ठांना कळविला होता. परंतु त्याचा उपयोग झाला नव्हता. स्वयंसेवकाने संस्थेच्या व्यवस्थापनाला वगळून राज्याच्या ‘टेक्सस रेंजर्स’ या पोलीस दलाकडे धाव घेतली.

या दलाच्या एका अधिकाऱ्याने तपास हाती घेतला. उपअधीक्षक आणि शाळेचा मुख्याध्यापक असे दोघे संशयित होते. मुलांचे व कर्मचाऱ्यांचे जबाब झाले, भौतिक पुरावाही गोळा झाला. दोघांनी २००५ मध्येच राजीनामे दिले. तपासाचे कागद स्थानिक जिल्हा अभियोक्त्याकडे गेले आणि तेथेच पडून राहिले. संघीय अभियोक्त्यांनीही प्रकरण चालविण्यास नकार दिला. अशा रीतीने तपास पूर्ण होऊनही सुमारे दोन वर्षे आरोपपत्र दाखल झाले नाही.

फेब्रुवारी २००७ मध्ये ‘टेक्सस ऑब्झर्व्हर’ आणि ‘डॅलस मॉर्निंग न्यूज’ या नियतकालिकांनी हे प्रकरण उघडकीस आणले. मार्चमध्ये तपास अधिकाऱ्याने विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष दिली. संचालक मंडळाला पायउतार व्हावे लागले व राज्यपालांनी संपूर्ण खाते विशेष नियंत्रणाखाली आणले. एप्रिल २००७ मध्ये दोघांविरुद्ध आरोपपत्रे दाखल झाली. त्यांपैकी उपअधीक्षकाला २०१० मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. मुख्याध्यापकाची २०११ मध्ये निर्दोष मुक्तता झाली.

या प्रकरणाने तीन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली अशी, की मुलांची सुटका लांबविण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता, त्यांच्याविरुद्धच तक्रार करावयाची असल्याने मुले गप्प राहत. अनिश्चित मुदतीची स्थानबद्धता हे मौनाचे सर्वांत प्रभावी साधन होते. दुसरी अशी, की तक्रार बाहेर नेणारी व्यक्ती संस्थेची नोकर नव्हती. तिसरी अशी, की बाहेरून आलेला प्रामाणिक तपास अधिकारी पुरेसा नाही; त्याने जमविलेला पुरावा न्यायालयापुढे नेण्याची इच्छा असलेला अभियोक्ताही आवश्यक असतो. आडगावी असलेल्या संस्थेत ठेवलेली, दूरच्या शहरांतून आलेली मुले स्थानिक अभियोक्त्याची मतदार नसतात आणि त्यांचे पालकही त्याच्या दारात येऊ शकत नाहीत. उलट, संस्था ही त्या गावातील रोजगाराचे प्रमुख साधन असते.

महानिरीक्षक कार्यालयाची स्थापना : जून २००७ मध्ये टेक्ससमध्ये झालेल्या सुधारणा कायद्याने या तिन्ही बाबींवर उपाय योजले. बालसुधार खात्यात महानिरीक्षकाचे स्वतंत्र कार्यालय निर्माण झाले. त्यातील तपास अधिकाऱ्यांना पोलीस अधिकार देण्यात आले. कर्मचाऱ्यांनी केलेले गुन्हे आणि संस्थेच्या आवारातील इतर गुन्हे यांचा तपास त्यांच्याकडे सोपविण्यात आला. तुरुंगांतील गुन्ह्यांचे खटले चालविणाऱ्या, हंट्सव्हिल येथील विशेष अभियोग पथकाची कक्षा वाढवून बालसंस्थांतील गुन्हेही त्यात घेण्यात आले. मुलांच्या हक्कांसाठी स्वतंत्र लोकपाल नेमण्यात आला. तक्रारीसाठी विनाशुल्क दूरध्वनी सुरू झाला. कोणाचाही मुक्काम वाढवावयाचा असल्यास संस्थेबाहेरील परीक्षण मंडळाची मान्यता बंधनकारक झाली. संस्थेत ठेवण्याची कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली गेली व किरकोळ गुन्ह्यांसाठी मुलांना या संस्थांत पाठविणे बंद झाले. दर १२ मुलांमागे किमान एक कर्मचारी आणि नव्या कर्मचाऱ्याला ३०० तासांचे प्रशिक्षण, अशीही तरतूद झाली. बालसुधार खाते व परिवीक्षा आयोग यांचे डिसेंबर २०११ मध्ये एकत्रीकरण झाले. महानिरीक्षक कार्यालय नव्या खात्यात कायम राहिले.

तपासाचे स्वरूप व अडचणी : बंदिस्त संस्थेतील तपास हा बाहेरील तपासाहून अनेक बाबतींत भिन्न असतो. घटनास्थळ सर्वांच्या ताब्यात असते आणि म्हणूनच ते कोणाच्याच ताब्यात नसते. निवासकक्ष रोज धुतला जातो, चादरी सामुदायिक धुलाईला जातात, कपडे बदलले जातात. तक्रार बहुधा उशिरा येते व तोवर भौतिक पुरावा नाहीसा झालेला असतो. त्यामुळे कागदपत्रांना विशेष महत्त्व प्राप्त होते : पाळीपत्रक, दारांच्या किल्ल्यांची नोंद, मुलांच्या हालचालींची नोंदवही, रुग्णकक्षातील नोंदी व कॅमेऱ्यांतील चित्रण. एखादा कर्मचारी आपली पाळी नसताना संस्थेत का होता, एखादा मुलगा रात्री निवासाबाहेर कोणाच्या सहीने गेला, असे प्रश्न या कागदांतून सोडवावे लागतात. कॅमेऱ्यांची व्याप्ती जेथे संपते, त्या जागा कर्मचारी व मुले दोघांनाही ठाऊक असतात. म्हणून घटना वारंवार एकाच ठिकाणी घडत असल्याचे आढळल्यास ती बाब स्वतःच पुरावा ठरते.

साक्षीदारांची अडचण त्याहून मोठी असते. सहकाऱ्याविरुद्ध बोलणाऱ्या कर्मचाऱ्याला पुढील पाळी त्याच्याच भरवशावर करावी लागते. तक्रार करणाऱ्या मुलाला ‘चुगलखोर’ ठरविले जाते. शिवाय, न्यायालयाने गुन्हेगार ठरविलेला मुलगा खोटे बोलतो, हा समज सार्वत्रिक असतो. मुलगा जबाब फिरवतो, तेव्हा या समजाला बळकटी येते. वस्तुतः जबाब फिरविणे हे दबावाचेही लक्षण असू शकते. तुरुंगांतील व संस्थांतील लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी २००३ मध्ये संघीय कायदा झाला. त्याखाली २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकांत ही गोष्ट लक्षात घेण्यात आली आहे. केवळ तक्रारदाराने शब्द मागे घेतला म्हणून तपास थांबवू नये, तसेच संशयिताने नोकरी सोडली म्हणूनही तो थांबवू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. पायोट प्रकरणातील राजीनाम्यांचा अनुभव पाहता दुसऱ्या नियमाचे महत्त्व ध्यानात येते.

याच कायद्यान्वये केलेल्या व जानेवारी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत नऊ हजारांहून अधिक मुलामुलींना निनावी प्रश्न विचारण्यात आले. त्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांनी मागील वर्षभरात अथवा संस्थेत आल्यापासून लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. सुमारे १०.३ टक्के प्रकरणी कर्मचाऱ्यांचा, तर २.६ टक्के प्रकरणी इतर मुलांचा संबंध होता. धोका मुख्यतः दांडगट मुलांकडून असतो, ही रूढ कल्पना या आकड्यांनी मोडीत काढली. पुढील पाहण्यांत हे प्रमाण घटत गेले. २०१८ च्या पाहणीत ते ७.१ टक्के आढळले.

कायद्याच्या अंगाने एक सूक्ष्म अडचण उद्‌भवते. नोकरी गमावण्याच्या धाकाखाली सरकारी नोकराकडून घेतलेले निवेदन त्याच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरता येत नाही, असे संघीय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये गॅरिटी खटल्यात ठरविले. संस्थेच्या अंतर्गत चौकशीत कर्मचाऱ्याला उत्तरे देणे भाग असते. म्हणून घाईने झालेली अंतर्गत चौकशी फौजदारी खटला निकामी करू शकते. यास्तव खातेनिहाय चौकशी आणि गुन्ह्याचा तपास यांचे अधिकारी व कागद वेगळे ठेवावे लागतात, आणि गुन्ह्याच्या तपासाला अग्रक्रम द्यावा लागतो.

तपास अधिकाऱ्याची दुहेरी भूमिका : ज्या अधिकाऱ्याने आज एखाद्या मुलाची तक्रार नोंदवून घेतली, त्यालाच उद्या त्या मुलाने कर्मचाऱ्यावर केलेल्या हल्ल्याचा तपास करावा लागतो. पहिल्या प्रसंगी मुलाने विश्वासाने बोलावे, अशी अपेक्षा असते. दुसऱ्या प्रसंगी न बोलण्याचा हक्क त्याला समजावून सांगावा लागतो. वडीलधाऱ्यांच्या मर्जीवर दिवस काढणारे मूल प्रश्नकर्त्याला हवे असलेले उत्तर देऊन मोकळे होण्याची शक्यता अधिक असते. या कारणास्तव टेक्ससच्या कुटुंब संहितेत आरोपी मुलाच्या लेखी कबुलीविषयी कडक नियम आहेत. दंडाधिकाऱ्याने मुलाला त्याचे हक्क समजावून द्यावेत व निवेदनावर सही होताना पोलीस किंवा अभियोक्ता तेथे उपस्थित नसावा, अशी अट आहे. तपास अधिकाऱ्याला खोलीबाहेर बसविणारा हा नियम त्याच्याविषयी अविश्वास दर्शवितो, असे नव्हे; मुलाच्या परावलंबित्वाची ती कायद्याने दिलेली कबुली आहे.

उशिरा झालेल्या तपासाची मर्यादा : वेळेवर तपास न झाल्यास काय उरते, याचे उदाहरण मॅरिआना येथील सुधारशाळा होय. तेथे अनेक वर्षांपूर्वी राहिलेल्या व आता वृद्ध झालेल्या व्यक्तींनी अमानुष मारहाणीच्या तक्रारी केल्या, तेव्हा राज्यपालांच्या आदेशावरून डिसेंबर २००८ मध्ये राज्य पोलिसांनी चौकशी सुरू केली. संस्थेच्या दफनभूमीत ३१ क्रूस होते. आरोपांना दुजोरा देणारा किंवा ते खोडून काढणारा भौतिक पुरावा मिळाला नाही, असा निष्कर्ष पोलिसांनी जानेवारी २०१० मध्ये काढला. त्यानंतर दक्षिण फ्लॉरिडा विद्यापीठाच्या मानवशास्त्रज्ञांनी उत्खनन केले व ५५ दफने शोधून काढली. फ्लॉरिडाच्या विधिमंडळाने २०१७ मध्ये औपचारिक क्षमायाचना केली आणि २०२४ मध्ये पीडितांसाठी दोन कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. सत्याचा काही अंश असा उत्खननातून हाती लागला. गुन्हेगारावरील खटला मात्र उत्खनन करून मिळत नाही.

भारतातील स्थिती : मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून सुधार व उद्योगशाळा सुरू झाली. सुधारशाळांविषयीचा पहिला कायदा १८७६ मध्ये व त्याची सुधारित आवृत्ती १८९७ मध्ये झाली. तुरुंग समितीच्या (१९१९-२०) शिफारशींनंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी बालकविषयक कायदे केले. मुंबईत १९२७ मध्ये स्थापन झालेल्या ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ने उमरखाडी येथील प्रतिबंधगृहाचे कार्य हाती घेतले. या सर्व कायद्यांत मुलाला पोलिसांपासून दूर ठेवण्यावर भर होता. संस्थेतील गुन्ह्याचा तपास करण्यासाठी पोलिसांनी आत यावे, याची वेगळी तरतूद त्यांत नव्हती.

मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांत डांबलेल्या मुलांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेतून १९८६ मध्ये महत्त्वाचे आदेश निघाले. जिल्हा न्यायाधीशांनी तुरुंगांना भेटी द्याव्यात, तसेच सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सोळा वर्षांखालील मुलाविरुद्धचा तपास तीन महिन्यांत पूर्ण न झाल्यास प्रकरण बंद समजावे, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी देशभर लागू व्हावयाचा बालन्याय कायदा संमत झाला. तो २००० मध्ये व पुन्हा २०१५ मध्ये नव्याने करण्यात आला. २०१५ च्या कायद्यानुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात साहाय्यक उपनिरीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेला बालकल्याण पोलीस अधिकारी असतो. प्रत्येक जिल्ह्यात व शहरात उपअधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याच्या प्रमुखत्वाखाली विशेष बाल पोलीस पथक असते. त्यात दोन समाजकार्यकर्ते असतात व त्यांपैकी एक स्त्री असते. मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही व २४ तासांच्या आत बालन्याय मंडळापुढे हजर करावे लागते. आपल्या ताब्यातील बालकाशी क्रूरपणे वागणाऱ्या संस्था-कर्मचाऱ्याला याच कायद्याच्या ७५ व्या कलमान्वये अधिक कठोर शिक्षा होते.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा तपासाच्या दृष्टीने अधिक परिणामकारक ठरला. निरीक्षणगृह, संरक्षणगृह इत्यादींच्या कर्मचाऱ्याने केलेला अपराध त्यात अधिक गंभीर मानला आहे. अपराधाची माहिती असूनही ती पोलिसांना न कळविणारा संस्थाप्रमुख स्वतः शिक्षेस पात्र ठरतो. मुलाचा जबाब गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने, शक्यतो स्त्री उपनिरीक्षकाने, मुलाच्या पसंतीच्या जागी घ्यावा, असे बंधन आहे.

तथापि, माहिती बाहेर येण्याचा प्रश्न कायद्याने आपोआप सुटत नाही. बिहारमधील मुझफ्फरपूर येथील मुलींच्या आश्रयगृहावर शासनाचे नियमित निरीक्षण होते. परंतु तेथील अत्याचार उघड झाले, ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या प्रकल्पाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणातून. परीक्षकांनी मुलींशी कर्मचाऱ्यांच्या अनुपस्थितीत संवाद साधला होता. त्यावरून ३१ मे २०१८ रोजी गुन्हा नोंदविण्यात आला. तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये खटला दिल्लीला वर्ग केला. जानेवारी २०२० मध्ये १९ आरोपी दोषी ठरले. पायोटचा स्वयंसेवक आणि मुझफ्फरपूरचे परीक्षक यांची कामगिरी एकाच प्रकारची आहे : दोन्ही ठिकाणी पोलीस तपासाचा आरंभ संस्थेच्या पगारपत्रकावर नसलेल्या व्यक्तीने मुलांचे बोलणे ऐकून घेतल्यामुळे झाला. मुझफ्फरपूरला मात्र तपास व खटला दोन्ही स्थानिक प्रभावाबाहेर नेण्यात आले; त्यामुळे गुन्हा नोंदल्यापासून दोन वर्षांच्या आत निकाल लागू शकला.

मूल्यमापन : टेक्ससमधील व्यवस्था पुढील काळात निर्दोष ठरली, असे म्हणता येत नाही. महानिरीक्षक कार्यालय अस्तित्वात असतानाही संस्थांतील हिंसा व कर्मचाऱ्यांची तीव्र टंचाई कायम राहिली. केंद्रीय न्यायखात्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्याच्या पाचही बंदिस्त संस्थांची चौकशी आरंभिली आणि तेथील परिस्थिती मुलांच्या घटनादत्त हक्कांचा भंग करणारी असल्याचा निष्कर्ष ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केला. तपास अधिकारी घडलेल्या गुन्ह्यामागे जातो. अपुऱ्या कर्मचाऱ्यांमुळे मुलांना दिवसाचे अनेक तास कोठडीत बंद ठेवावे लागणे, ही स्थिती कोणा एकाचा गुन्हा म्हणून नोंदता येत नाही.

असे असले, तरी २००७ पूर्वीची व नंतरची स्थिती यांत मूलभूत फरक आहे. पूर्वी संस्थेतील गुन्हा हा संस्थेचा अंतर्गत मामला होता. आता तो राज्याविरुद्धचा गुन्हा म्हणून नोंदला जातो, त्याला क्रमांक मिळतो, तपास अधिकाऱ्याला तो बंद करण्याचे कारण लिहून द्यावे लागते. मुलाचे पालक म्हणून राज्याने १८३८ मध्ये जो अधिकार घेतला, त्याचा हिशेब देण्याची ही यंत्रणा आहे. ती परिणामकारक होण्यासाठी चार गोष्टी एकत्र असाव्या लागतात : संस्थाप्रमुखाच्या आज्ञेत नसलेला तपास अधिकारी, स्थानिक हितसंबंधांपासून दूर असलेला अभियोक्ता, सुटकेची मुदत ठाऊक असलेले मूल आणि त्या मुलाला एकांतात भेटू शकणारी बाहेरची व्यक्ती. यांपैकी एकाचाही अभाव असल्यास उरलेल्या तिन्ही निष्प्रभ होतात. [⟶ तुरुंग, पोलीस, बालगुन्हेगारी].